खिरापतीचा स्तंभालेख

भोंडल्याचा हत्ती पाटावर रांगोळीने काढतात, हे सातवी 'ब'च्या सगळ्यांना ठाऊक होतं. तो गणिताच्या तासाला काढायचा, हे मात्र शेफाली बाईंनी ठरवलं.

त्याला कारण होतं एक पत्रक. शहरातल्या बारा महापालिका शाळांचा उपक्रम मेळा यंदा हडपसरच्या या शाळेत भरणार होता, आणि प्रत्येक शाळेने एकेक उपक्रम मांडायचा होता. उपक्रम कसा असावा? तर 'नावीन्यपूर्ण, आनंददायी आणि मोजता येण्याजोगा'. शेफाली बाई पहिल्या दोन शब्दांना घाबरल्या नाहीत. तिसऱ्यापाशी येऊन त्या थबकल्या. आनंद मोजायचा तो कशाने? फूटपट्टीने?

नवरात्र आठवड्यावर आलं होतं. मधल्या सुट्टीत मुली मैदानात फेर धरून सराव करत होत्या आणि मुलगे कट्ट्यावर बसून त्यांना नावं ठेवत होते.

पाटावरच्या हत्तीला सोंड काढली लांब,
फेर धरा गं पोरींनो, घंटेला म्हणा थांब!

घंटा काही थांबली नाही, पण खिडकीत उभ्या असलेल्या बाईंच्या डोक्यात मात्र काहीतरी वाजलं. गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा हलवून बघायचा, आंबट का गोड ते विचारायचं, आणि एकामागून एक नावं घेत सुटायचं. किती अंदाजांत ओळखली, हे मोजता येतंच की! रोज एकाने डबा आणायचा, रोजचे अंदाज मोजायचे, आणि रोजचा एक स्तंभ कागदावर उभा करायचा. पाटाभोवती फेर आणि भिंतीवर स्तंभालेख.

"मुलगेसुद्धा?" अपेक्षाने विचारलं.

"मुलगेसुद्धा," बाई म्हणाल्या. "खाताना मागे राहतात का ते?"

मुलगे लाजत लाजत फेरात आले. आयुष नावाचा लांबलचक मुलगा पहिल्याच फेऱ्यात उलट्या दिशेने निघाला आणि मुलींनी तिथल्या तिथे गाणं जुळवलं,

आयुष आला फेरात, पाय पडला चुकून,
हत्ती म्हणतो, राहू दे, येईल हळूहळू शिकून.

त्यावर आयुषने जाहीर केलं की फेर तुमचा तुम्ही धरा, आलेख मी काढतो. आणि तो त्याने असा काही मनावर घेतला की पट्टी बाजूला ठेवून कुणी नुसती रेघ मारलेली त्याला चालेना. एक सेंटिमीटर म्हणजे एक अंदाज. गुलाबी कार्डशीट, खाली वारांची नावं, डाव्या बाजूला आकडे.

सोमवारी, पहिल्या माळेला, भाजक्या पोह्यांचा चिवडा आला. दोन अंदाज. मंगळवारी खजुराचे लाडू, पाच. बुधवारी चुरमुरे, एक. तो एक स्तंभ पाहून चुरमुरे आणणारा मुलगा दोन दिवस वर्गात खाली मान घालून बसला. हे सगळं अपेक्षाचं काम. तिचा कान म्हणजे सोनाराचा काटा. डबा कानाशी धरायची, दोनदा हलवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "कोरडं आहे. हलकं आहे. खाली कागद आहे. चुरमुरे." झाकण उघडलं की चुरमुरे!

म्हणून मग घराघरांत कारस्थानं सुरू झाली. कुणाच्या आईने डब्यात रुमाल कोंबला. कुणाच्या आजोबांनी साटोऱ्या करायला लावल्या. गुरुवारचा स्तंभ अकरावर गेला, शुक्रवारचा चौदावर. आणि शनिवारसाठी, मेळ्याच्या दिवसासाठी, चिठ्ठीत नाव निघालं चैतालीचं.

चैताली यवतमाळकडची. दारव्ह्याजवळच्या गावातून जूनमध्ये आली होती. वडील इथल्या एका कारखान्यात लागले म्हणून बिऱ्हाड इकडे हललं. पहिल्या दिवशी ती उभी राहून म्हणाली होती, "माहं नाव चैताली. मले गणित आवडते." वर्ग हसला. वाईट मनाने नव्हे, पण हसला. दोनतीन दिवस कुणी पाणी मागितलं तरी 'मले पाणी' असंच मागत होतं. तेव्हापासून चैताली 'हो बाई' आणि 'नाही बाई' या दोन शब्दांवर संसार चालवत होती. पुस्तक वाचायला सांगितलं की खडाखडा वाचायची. पुस्तक मिटलं की तीही मिटायची.

शुक्रवारी शाळा सुटताना अपेक्षा तिच्यापाशी आली.

"हे बघ, उद्या आमचा... म्हणजे आपला मान आहे. पाहुण्या शाळांनी ओळखायचं, आपल्या वर्गाने तोंडाला कुलूप. बिबवेवाडीच्या शाळेचे महिपती सर आहेत ना, ते बाईंना फोनवर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, 'त्यात एवढं काय? डब्यात खाऊच असणार, हत्ती तर नसणार. आमची मुलं दहाच्या आत ओळखतील.' तू असं काहीतरी आण की बसले पाहिजेत बघत! कुणालाच ओळखता येऊ नये. कळलं?"

"हो," चैताली म्हणाली.

घरी येऊन तिने अपेक्षाचं बोलणं सांगितलं आणि आईला म्हणाली, "उद्या कोहळ्याची बोंडं कर."

कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. तो किसून गुळात शिजवायचा, त्यात कणीक कालवायची आणि हाताने गोल गोल सोडून तळायचं. त्यांच्या गावी भुलाबाईच्या दिवसांत हीच बोंडं असत. भुलाबाई म्हणजे भोंडल्याचीच बहीण म्हणा ना. तिथे हत्तीऐवजी मातीची भुलाबाई आणि भुलोजी, पण गाणी तशीच घरगुती भांडणांची, आणि शेवटी झाकलेला खाऊ तसाच. गल्लीतल्या घरोघरी जायचं आणि ओळखायचं. चैतालीच्या घरचा खाऊ पोरी पायरी चढतानाच ओळखायच्या. "बोंडं!" असा गलका करतच आत यायच्या.

आई किसणी हातात घेऊन म्हणाली, "पुण्याच्या पोरायले काय समजन ते? त्यायनं कधी पाह्यलंबी नसन."

"तुही मैत्रीण म्हणते तसंच होईन मग. कोणाले ओळखताच नाही येणार," वडील कौतुकाने म्हणाले.

 सगळ्या वर्गाला वाटत होतं, कुणी ओळखू नये. तिला एकटीला वाटत होतं, कुणीतरी ओळखावं. एवढ्या मोठ्या शहरात, बारा शाळांमध्ये, एक तरी असेल ना, जिला बोंडं म्हटलं की काय ते कळेल?

"ओळखन कोणी ना कोणी," ती म्हणाली आणि गूळ फोडायला बसली.

शनिवारी शाळेला जत्रेचं रूप आलं. पीएमपीच्या गाड्यांतून पोरं उतरत होती आणि हातातले पुठ्ठे वाऱ्यावर पंख फुटल्यासारखे फडफडत होते. बिबवेवाडीच्या शाळेने आपल्या भागातल्या मांजरांची जनगणना केली होती. एकशे त्रेचाळीस मांजरं, पैकी नऊ दोनदा मोजली गेल्याची प्रामाणिक कबुली. मंडईजवळच्या शाळेने नकाशा केला होता. मंडईत कुठली भाजी कुठल्या गावाहून येते ते रंगीत दोऱ्यांनी दाखवलं होतं. त्या नकाशामागे उभी असलेली शालू नावाची मुलगी येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत होती, "हात लावा, पण दोरा ओढू नका. मघाशी एकाने पुरंदर ओढून साताऱ्यात नेलं."

दुपारी दोन वाजता सातवी 'ब'चा फेर सुरू झाला. मधोमध पाट, पाटावर हत्ती, हत्तीच्या पाठीवर झेंडूची झूल. पाहुण्यांना फेरात ओढलं, सरांना ओढलं, मांजरांचे जनगणना अधिकारी आले, मंडईवाले आले. फेर एवढा मोठा झाला की त्याला मैदानातल्या लिंबाला वळसा घालावा लागला. चैताली फेरात होती. तिचे ओठ हलत होते, पण गाणं तिचं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक ओळीला ती अर्धी पायरी मागे पडत होती.

मग डबा आला. पाटाशेजारी चैताली उभी राहिली. मागे भिंतीवर कार्डशीट, बाकावर आयुष, हातात स्केचपेन. शेफाली बाईंनी नियम सांगितले. डबा तिघांनी हलवायचा. वास घ्यायचा नाही. चैताली फक्त हो किंवा नाही म्हणेल.

'हो' आणि 'नाही'! चैतालीला एवढे सोयीचे नियम उभ्या पुण्यात कुणी केले नव्हते.

महिपती सरांच्या शाळेतल्या एका मुलीने डबा कानाशी धरून हलवला. आतून आवाज आला नाही. पुन्हा हलवला. काहीतरी मऊ मऊ कुशीवर वळल्यासारखं झालं.

"गोड?"

"हो."

"लाडू!"

"नाही."

"गुलाबजाम!" "नाही." "शिरा!" "नाही." "करंजी!" "नाही." "बालूशाही, म्हैसूरपाक, अनारसे!" "एकेक," आयुष बाकावरून ओरडला, "एकेक घ्या, रेघ चुकते!"

दहावा अंदाज गेला. सातवी 'ब'ने शेफाली बाईंकडे पाहिलं, बाईंनी महिपती सरांकडे पाहिलं, सरांनी लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. विसावा गेला. तिसावा गेला. पुरणपोळी गेली, खांडवी गेली, केक गेला, कुणीतरी हळूच पिझ्झा म्हणालं. "गोड पिझ्झा असतो का रे?" "नसतो, पण आज असेल!" प्रत्येक 'नाही'ला सातवी 'ब' टाळ्या वाजवत होती. अपेक्षा तर जागच्या जागी उड्या मारत होती, तोंडावर दोन्ही हात दाबून, कारण तिला बोलायची बंदी होती आणि ते तिला उपासापेक्षा अवघड जात होतं.

साठाव्या अंदाजाला कार्डशीट संपली.

"प्रमाण बदला ना!" महिपती सर म्हणाले. "एक सेंटिमीटरला दहा अंदाज धरा. गणित शिकवलंय ना यांना?"

"सर, मधेच प्रमाण बदललं तर सोमवारपासूनचे सगळे स्तंभ खोटे पडतात," आयुष वरूनच म्हणाला, आणि त्याने दुसरी कार्डशीट पहिलीच्या डोक्यावर चिकटवली. स्तंभ निघाला वर. 'स्वच्छता हीच सेवा'च्या पाटीला बगल देऊन तो झरोक्याच्या दिशेने चढू लागला. खालचे बाकीचे स्तंभ त्याच्यापुढे वडाखालच्या तुळशीसारखे दिसू लागले.

सगळे हसत होते. चैताली 'नाही' म्हणत होती. पण तिचं एकेक 'नाही' आधीच्यापेक्षा बारीक होत चाललं होतं. सत्तर झाले. पंचाहत्तर झाले. ती प्रत्येक नवा चेहरा पुढे आला की त्याच्याकडे बघायची, हा सांगेल, ही सांगेल, आणि तो चेहरा म्हणायचा, "जिलबी?"

"नाही."

अठ्ठ्याऐंशीव्या अंदाजानंतर कुणालाच काही सुचेना.  महिपती सरांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. "चला, म्हणून टाका मुलांनो. हरलो म्हणा. नाहीतर बस चुकेल आणि खिरापतही."

 पाहुण्यांनी हरलो म्हटलं की झाकण उघडणार, स्तंभाच्या टोकाला झेंडा लागणार. अकरा शाळांची पोरं एका सुरात म्हणायला लागली, "हरलो गं बाई..."

"थांबा!"

कोण बोललं ते आधी कुणाला कळलंच नाही. तो आवाज वर्गात फारसा कुणी ऐकलेला नव्हता.

"हरू नका ना," चैताली म्हणाली. डबा तिने पोटाशी धरला होता. "अजून हरू नका."

अपेक्षा तिच्या कानाशी धावली. "अगं, काय करतेस? जिंकलोय आपण!"

"मले नाही जिंकाचं," चैताली म्हणाली. हळू म्हणाली, पण मैदान इतकं शांत होतं की लिंबानेसुद्धा ऐकलं असेल. "मले... कोणीतरी ओळखलं पाह्यजे."

कुणीतरी खुदकन हसलं. शेफाली बाईंनी तिकडे बघितलं आणि ते हसू तिथेच बसलं.

"मग काय करायचं म्हणतेस?" बाईंनी विचारलं.

"आमच्याकडं नाहीच ओळखलं तं गाण्यातून सांगतात. नाव नाही घेत. मी म्हणू?"

नियमांत तसं नव्हतं. पण नियम बाईंनीच केले होते, शुक्रवारी, डबा खाता खाता.

"म्हण," त्या म्हणाल्या.

चैतालीने पाटावरच्या हत्तीकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि पहिल्यांदा तिचं गाणं अर्धी पायरीसुद्धा मागे पडलं नाही.

कुंपणावरून गेली बाई, पायच नाही तिले,
पिवळे पिवळे फुलं तिनं कानामंधी घातले.

फुलामागं लेकरू, गोल गोल गोल,
मांडवाले झेपेना, जाऊ लागला तोल.

गुळासंगं भांडलं, गव्हानं समजावलं,
तेलामंधी न्हाऊन डब्यात येऊन बसलं.

"पुन्हा म्हण!" गर्दीतून आवाज आला. मंडईच्या नकाशावाली शालू माणसं सारत पुढे येत होती. "पहिलं दुसरं पुन्हा म्हण."

चैतालीने पुन्हा म्हटलं. आता तिची बोटं डब्यावर ठेका धरत होती.

"पाय नाही म्हणजे वेल," शालू म्हणाली. "पिवळं फूल. मांडवाला झेपत नाही एवढं जड. लाल भोपळा! आमची आई रोज कापते की, मंडईत फोडी विकते! मनगट दुखतं तिचं."

चैतालीचे डोळे एकदम मोठे झाले. आयुषने रेघ ओढली. "एकोणनव्वद. पण खिरापत म्हणजे नुसता भोपळा नाही ना?"

"भोपळ्याचा हलवा!" बिबवेवाडीची मुलगी ओरडली.

"नाही. तेलात न्हालंय ना," चैताली म्हणाली. हो आणि नाहीच्या पलीकडे ती कधी गेली ते तिलाही कळलं नव्हतं.

"नव्वद!"

"गूळ आहे, गहू आहे, तळलंय," शालू बोटांवर मोजत होती. "घारगेच की मग! नाही, थांब आयुष, रेघ नको ओढू. हा अंदाज नाही, हा विचार आहे. घारगे तर पुरीसारखे चपटे असतात. हिने दोनदा गोल म्हटलंय. तीनदा. मघाशी मीही डबा हलवला, तेव्हा आत काहीतरी वळलं होतं." ती चैतालीसमोर येऊन उभी राहिली. "हे बघ, मला नाव नाही माहीत. पण हे घारग्याच्या चुलत बहिणीसारखं काहीतरी आहे. भोपळ्याचं, गुळाचं, गोल गोल, हाताने सोडून तळलेलं. वरून खरपूस, आतून मऊ. हेच आहे. नाव काय ते तू सांग."

सगळ्यांनी चैतालीकडे बघितलं. सातवी 'ब' तर डोळ्यांनीच विनवत होती. नाव कुठे सांगितलंय तिने? नाव नाही तर ओळखलं कसलं! नाही म्हण. नाही म्हण, चैताली, एकच तर शब्द आहे, आज एवढ्या वेळा म्हटलास!

"हो," चैताली म्हणाली. "ओळखलं. माह्या गावातल्या पोरीबी एवढं नीट नसत्या सांगू शकल्या." आणि तिने झाकण काढलं. "बोंडं. कोहळ्याची बोंडं."

"एक्क्याण्णव," आयुष सुस्कारा टाकत म्हणाला आणि त्याने टोकाशी आडवी रेघ मारली. झेंडा लावायला जागा होती, पण झेंडा लागला नाही.

"घालवलंस," अपेक्षा म्हणाली. "अगं, हातातलं घालवलंस!" मग तिने एक बोंड उचलून तोंडात टाकलं आणि पुढचा राग तिला भरल्या तोंडाने करावा लागला, त्यामुळे तो कुणालाच नीट समजला नाही. दुसरं उचलताना म्हणाली, "आणि हे असलं काही असतं, तर इतके महिने सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंच कुठं?"

वर्गाने ते ऐकलं. ते 'नाही बाई' नव्हतं. ते चांगलं खणखणीत उत्तर होतं, खास पुण्याला शोभेल असं. अपेक्षाला स्वतःच्या तोडीचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं आणि ती मोठ्याने हसली.

महिपती सरांनी दोन बोंडं घेतली. "दहाच्या आत ओळखणार होतो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "खाणं मात्र दहाच्या आतच थांबवावं लागणार. डबा लहान आहे." शेफाली बाईंनी हे जपून ठेवण्यासारखं वाक्य ऐकलं आणि मांजरांच्या जनगणनेचं कौतुक करून त्याची परतफेड केली.

डब्याभोवती गर्दी वाढली तशी शालू आणि चैताली पायरीवर जाऊन बसल्या. कणीक किती, गूळ आधी का नंतर, भोपळा जुना हवा का कोवळा, शालूचे प्रश्न संपत नव्हते आणि चैतालीचा आवाज दमत नव्हता. बोलताना तिचं 'मले' आणि 'तुले' मोकळ्या वासरांसारखं मैदानभर हिंडत होतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई दारात मेथी निवडत होती.

"ओळखलं का कोणी?"

"ओळखलं."

"खरंच? कितव्या खेपेले?"

"एक्क्याण्णवाव्या."

आई इतकी हसली की मांडीवरची मेथी सांडली. मग गोळा करता करता तिचं लक्ष चैतालीच्या रिकाम्या हातांकडे गेलं. "अन् डब्बा कुठं आहे?"

"मंडईत."

"मंडईत?"

"शालूनं नेला. तिच्या आईले चाखाले दोन बोंडं ठेवले होते मी."

"अवं पोरी, माह्या लग्नातला डब्बा तो! मामानं नाव कोरून देल्ला होता!"

"बुधवारी आणून देते ती. दसऱ्याची सुट्टी आहे ना. इथंच येणार आहे, तुह्यापाशी बसून शिकाले. तिची आईबी येते म्हणे, भोपळा त्याच आणणार आहेत."

"दोघीजणी? बुधवारी?" आई उठून उभी राहिली. दारातून तिने आपल्या एका खोलीकडे पाहिलं. पलंग, शेगडी, कपड्यांची दोरी. "अन् हे मले आत्ता सांगतं?" ती म्हणाली, आणि मेथी तिथेच टाकून दोरीवरचे कपडे काढायला आत गेली.